उद्यापन

१९८४ साली धानोऱ्याकडच्या खेड्यांत गलगंडावर संशोधन चालू होतं. किरणोत्सारी आयोडीनचं औषध देण्याआधी रोग्याला समजावून संमती घ्यायची, हे काम माझ्याकडे, नर्सकडे होतं. औषध घेतल्यावर आठ दिवस कोणाच्या जवळ जायचं नाही, हे एकट्या राहणाऱ्या बायनाबाईंना कसं सांगावं? मी स्वतः सोमवार, चतुर्थी धरणारी. म्हटलं, "बाई, हे आठ दिवसांचं व्रतच समजा." त्यांनी हात जोडले आणि कागदावर अंगठा दिला.

वर्षभरानं सरकारी तपासणी आली. साहेबांना घेऊन मी अंगणात शिरले, तशा बायनाबाई लगबगीनं मागे सरकल्या.

"दूरच राहा, साहेब! माह्यं व्रत हाये."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "बाई, ते तर आठच दिवसांचं होतं ना? केव्हाच संपलं."

"असं कसं संपन, सिस्टरबाई? तुमाले तं ठाऊक हाये, उद्यापनाले कोणाले तरी जेवू घातल्याबिगर व्रत सुटत नाई."

 

बायनाबाई पुढे म्हणाल्या, "नवव्या दिवशी पान वाढून बसली व्हती. जेवाले कोणी आलंच नाई."