दोन बोटं

"सीट अजून दोन बोटं खाली हवी," हिरो म्हणाला.

त्याने झाडूची लांब काठी पिकअपच्या उघड्या दारात उभी धरली होती. काठीवर पेन्सिलच्या दोन खुणा होत्या. वरची पुसून टाकलेली, खालची ठसठशीत. सीट बरोबर वरच्या खुणेला भिडत होती.

मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. पिकअप त्याच्याहूनही जुनी होती, आणि अशी गाडी बुटकी करून मिरवणारे तरुण त्याने रग्गड पाहिले होते. त्यांना तो सरसकट हिरो म्हणायचा. हौसेला मोल नसतं, त्यामुळे तो कुणाशी वाद घालत नसे. आज मात्र त्याची चिडचिड व्हायला लागली होती.

"नक्की कुठली खूण धरायची? वरचीला तर आलीय की."

हिरो काठीकडे बघत राहिला. वरची खूण आपण कधी पुसली, ते त्यालाही आठवत नसावं. "खालची," तो म्हणाला. "वरची पुसलीय ना."

"अरे बाबा, आत्ता आहे तोवर सायलेन्सरचा पाइप मागच्या ॲक्सलवरून हसत-हसत जातोय. आणखी दोन बोटं खाली आणली, की वरून चासी टेकणार. मग पाइप काय माझ्या डोक्यावरून नेऊ?"

"ॲक्सलच्या खालून नेला तर?"

"पहिल्याच स्पीडब्रेकरवर ठेवून येशील. त्यापेक्षा मागे न्यायचाच कशाला? ड्रायव्हरच्या दाराखालून बाहेर काढतो. दिसेलही झकास. तुझ्यासारखे सगळे त्याच्यावर जीव टाकतात."

"दाराखाली नको. तापलेला पाइप तिथे नकोच."

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "दोन बोटांनी काय तुझी इज्जत जाणारेय का?"

"जमत नसेल तर राहू द्या," हिरो शांतपणे म्हणाला. "मग गाडी मोडीत जाणार. भंगारवाला घरी येऊन बघून गेलाय."

हे बोलताना त्याचा हात बॉनेटवर होता आणि तो तिथेच राहिला. मिस्त्रीला राग आला, आणि वाईटही वाटलं. एवढी धडधाकट गाडी, आणि दोन बोटांच्या मिजाशीसाठी हा तिचे तुकडे करायला निघालाय! म्हणजे आता जमवणं आलंच.

त्याने ॲक्सलच्या वर चासीला अर्धचंद्रासारखी खाच कापली आणि तिथे जाड पत्रा वेल्ड करून जोर दिला. पाइप टाकीच्या बाजूने आत वळवला. ॲक्सलवरून जाताना तो थोडा चपटा केला, पुढे पुन्हा गोल केला. काम करता-करता तो हिरोला शिव्या घालत होता, पण मनातल्या मनात.

या माणसाची एकही गोष्ट सरळ नव्हती. सीट इतकी पुढे ओढलेली, की चालवताना त्याचे स्वतःचे गुडघे स्टेअरिंगवर आपटत. मिस्त्री ती मागे सरकवायला गेला, तर हिरो धावत आला. "ती तिथेच राहू द्या." हीही नवीन फॅशन असेल, म्हणत मिस्त्रीने हात काढून घेतला.

शेवटी त्याने पाइप आणि ॲक्सलच्या मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवला, मागे वाळूची पोती टाकली आणि गाडी स्पीडब्रेकरवरून काढली. परत येऊन खाली वाकून पाहिलं. गोळा चपटा झाला होता, पण दोन्हींच्या मध्ये बोटभर शिल्लक होता. पाइप टेकला नव्हता. काठी लावली, तर सीट बरोबर खालच्या खुणेवर. मिस्त्रीने स्वतःलाच शाबासकी दिली. दुसरं कोण देणार होतं?

गाडी न्यायला हिरो आला, तो आईला घेऊन. ठेंगणीशी बाई, नखांत रोपवाटिकेची माती, चाल जरा लंगडती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"काय रे ही माझ्या गाडीची दशा! मांजर दबा धरून बसल्यासारखी दिसतेय. मिस्त्री, तुम्ही तरी याला चार शब्द सांगायचेत. नसती हौस!"

"आजकाल अशीच चालते गं, आई," हिरो जमिनीकडे बघत पुटपुटला.

ती ड्रायव्हरच्या दाराशी गेली. दार उघडून तिने सीटकडे पाठ केली आणि खुर्चीत बसावं तशी अलगद बसली. पाय काही क्षण दाराखाली जमिनीवरच टेकलेले राहिले. मग दोन्ही हातांनी आधी एक गुडघा उचलून आत घेतला, नंतर दुसरा. पावलं बरोबर पेडलवर पडली. तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

मिस्त्रीने सीटकडे पाहिलं, दाराखालच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, मग हिरोकडे. त्याला आपल्या थट्टेची लाज वाटली.

"खरंच फॅशन आहे, मावशी," तो म्हणाला. "हल्ली सगळे हेच मागतात."

हिरोने किल्ली दिली आणि तो फाटक उघडायला गेला.

गाडी सुरू झाली. बाईने काचेतून बोटाने मिस्त्रीला जवळ बोलावलं.

"गुडघ्यांपायी मी गाडी विकायला काढली, तेव्हाच याला ही हौस सुचली," ती हळू आवाजात म्हणाली. "मला कळलंय, हे त्याला सांगू नका हं."

"नाही सांगत."

"माप मात्र चुकलं होतं त्याचं. ओट्याजवळच्या माझ्या स्टुलावरून घेतलं होतं. ते स्टूल हल्ली मला उंच पडतं, हे त्याला कुठे ठाऊक?" तिने गिअर टाकला. "म्हणून त्याची खूण मी पुसली, आणि दोन बोटं खाली माझी काढली."