राजकन्येची हिरवी पट्टी

रविवारी दुपारी शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची परीकथा टीव्हीवर गाण्यांसह थेट सादर होत होती. राजकन्या झाली होती पुष्करची बायको, केतकी. नियमाप्रमाणे पडद्याच्या तळाशी पट्टी होती. माणूस मनापासून बोलत असेल तर ती हिरवी व्हायची, नाहीतर लाल. नटांच्या वाक्यांना ती लालच असायची आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

राजपुत्राने हात धरला. केतकी डोळे उघडून गाऊ लागली, 'तुझ्याचसाठी जागी झाले मी', आणि पट्टी हिरवी झाली.

"बिघडली असेल रे," घरी टीव्हीसमोर शेजारी बसलेली आत्या पुष्करला म्हणाली. पण राजपुत्र गायला लागताच पट्टी पुन्हा लाल झाली.

संध्याकाळी केतकी घरी येऊन चेहऱ्यावरचा रंग पुसत बसली. पुष्करने तिला चहाही विचारला नाही.

"गाताना तुझ्या मनात कोण होतं?"

"तू," ती म्हणाली.

तो तिच्याकडे पाहत राहिला. घरात पट्टी नव्हती, आणि नुसत्या चेहऱ्यावरून माणूस ओळखायची त्याची सवय कधीच सुटली होती.

"विश्वास बसत नाही ना? मग उद्या स्टुडिओत चल," केतकी शांतपणे म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर मला हेच विचार, मी उत्तर देईन. नंतर मीही तुला एक प्रश्न विचारीन."

"उद्या नको. ऑफिसात काम आहे."

"बरं, परवा?"

पुष्कर खिशातला मोबाईल काढून त्यात बघू लागला. रंग पुसणारा केतकीचा हात थांबला, आणि ती पहिल्यांदाच नवऱ्याचा चेहरा निरखून पाहू लागली.