वजीरचा खुराक

"उलटीत रक्त आहे. यानं बाहेर काही खाल्लंय का?" टेबलावर निपचित पडलेल्या वजीरचे पोट चाचपत गुरांच्या डॉक्टरांनी विचारले.

भागीरथीबाईंनी शेजारी उभ्या सुनेकडे पाहिले. सकाळी म्हातारा कुत्रा मरगळलेला दिसला, तेव्हा आपल्या लोहाच्या मूठभर गोळ्या गुळात कालवून त्यांनीच त्याला भरवल्या होत्या. "आई, माणसांची औषधं त्याला नकोत," असे सून म्हणाली, तर "चार लेकरं वाढवलीत मी, मला शिकवू नकोस," म्हणून तिलाच गप्प केले होते.

आता उत्तर सुनेनेच दिले. "उकिरड्यात तोंड घातलं असेल, डॉक्टर." सासूची अब्रू तिने अलगद झाकली.

"मग शिळ्यापाक्याची बाधा." डॉक्टर इंजेक्शन भरू लागले. वजीर क्षीणपणे कण्हला.

"थांबा!" त्या आवाजाचा धाक साऱ्या घराला होता, इतका कापरा मात्र तो कधीच निघाला नव्हता. "ही मला सांभाळून घेतेय. लोहाच्या गोळ्या चारल्या मी त्याला. मूठभर."

"अहो, विष आहे ते कुत्र्याला! एवढं वय झालं, विचारायचं तरी कुणाला!" डॉक्टर कडाडले, ते थांबेचनात.

जन्मात कुणाचे उणे बोल ऐकून न घेतलेल्या भागीरथीबाई सुनेदेखत खाली मान घालून उभ्या राहिल्या. रागावता रागावता डॉक्टरांनी हातातले इंजेक्शन टाकून दुसरे औषध भरायला घेतले होते. ते हात चालत होते, तोवर त्यांना हवे ते बोलू द्यावे, असे बाईंनी ठरवले.