लाइलशी कुणी बोलेना

गळ्याशपथ सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे: लाइल वोंद्राचेक चेंडू टाकून परत आला, बाकावर टेकला, आणि अख्खं बाक उठून दुसऱ्या टोकाला गेलं.

लाइलनं आधी काख हुंगून पाहिली. तसं काही नव्हतं.

बेसबॉलचा सामना सातव्या डावात होता. नेब्रास्कातल्या त्या मैदानावर ऊन असं पेटलेलं, की कुंपणापलीकडच्या मक्याच्या उभ्याउभ्या लाह्या होत होत्या. लाइलनं सूर्यफुलाच्या बियांची पिशवी टिमोन्सपुढे धरली. "घे रे." हा टिमोन्स एरवी पिशवी हिसकावून पळणारा गडी. त्यानं नीट बांधलेली बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला घेतली.

लाइलच्या मनात पाल चुकचुकली.

सकाळीच टॅडलॉक कोचनं त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "आज हात टिकला तर संघात राहशील, वोंद्राचेक. नाही टिकला तर गुमान घरी जायचं. मला रडारड नको." चेंडू टाकणाऱ्या चौतिशीच्या पिचरला दुसरा कुठला संघ दारात उभं करणार?

आणि हात तरी कसला! कोपरातली शीर तुटली तेव्हा डॉक्टरनं पायातली काढून तिथं बसवली. तेव्हापासून बँड वाजला की कोपर ताल धरायचं. खांद्यात इतके स्क्रू, की होकायंत्राचा काटा उत्तर सोडून त्याच्याकडं वळायचा. वर एकदा कुणीतरी फटकावलेला चेंडू थेट जबड्यावर आला, तर बिचाऱ्यानं सबंध उन्हाळा नळीनं सूप ओढून काढला. पण बेटा दर वेळी परत आला. लोक म्हणायचे, याला पुरायला जावं तर हा खड्ड्यातून चेंडू मागेल.

आज मात्र मधूनच कोपर 'कट्' वाजायला लागलं होतं. लाइलनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, ऐकलंच सगळ्यांनी.

त्याचं सगळं ध्यान त्या कोपरात. धावफलकावरच्या फटक्यांच्या रकान्याकडं त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की आपण गचाळ टाकतोय. वाकडेतिकडे चेंडू टाकून कितीतरी फलंदाजांना फटका न मारताच फुकटात बेसवर पाठवलंय. संघ एका धावेनं पुढं आहे तो नशिबानं.

मग त्याला एकेक दिसायला लागलं. फलंदाजामागं बसून चेंडू झेलणारा कॅचर एउसेबियो म्हणजे तोंडाचा असा पट्टा, की समोरचे फलंदाज ऐकून ऐकून दमायचे आणि बाद व्हायचे. तो आज शेजारून गेला तो भिंतीकडं बघत. लांबच्या कोपऱ्यात ताज्या दमाचा एक पिचर हात मोकळा करायला उठला. कोचनं त्याला खूण करून बसवला. तो परत उठला. कोचनं परत बसवला.

'माझ्यावरूनच खल चाललाय,' लाइल मनात म्हणाला. 'बॅगसुद्धा भरून ठेवली असेल मेल्यांनी.'

आठवा डाव संपला तेव्हा त्याला राहवेना. तो सरळ कोचसमोर जाऊन उभा राहिला.

"कोच, काय ते तोंडावर सांगा. काढताय ना मला?"

कोचनं टोपी डोळ्यांवर ओढली, पाठ फिरवली आणि पाण्याच्या पिंपाला म्हणाला, "फार उकडतंय, नाही?"

लाइलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काढायचंय? काढा. पण शेवटचा चेंडू मीच टाकणार.

त्या रागात त्यानं नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन गडी बाद केले; तिसरा गेला की सामना खिशात. कोपर कटकट वाजत होतं, लाइल दात खाऊन टाकत होता. तिसऱ्यानं चेंडू उंच उडवला. टिमोन्स मागून वाऱ्यासारखा आला, पोटावर पालथा पडला आणि गवताला लागता लागता चेंडू झेलला.

अख्खा संघ लाइलच्या अंगावर धावून आला. आता ही पोरं आपल्याला धोपटणार, असं वाटून लाइलनं मुठी आवळल्या. तोवर एउसेबियोनं त्याला लहान पोरासारखा उचलला.

"सोड! दिवसभर वाळीत टाकलंत मला!"

"अरे आजोबा, सबंध सामन्यात एकालाही तुझा चेंडू फटकावून बेस गाठता आला नाही! असं चालू असताना पिचरशी कुणी बोलतं का? दृष्ट लागते! तुला काय हे माहीत नाही?"

माहीत कसं नसेल? दुसऱ्यांसाठी लाइल स्वतः असा कितीदा तोंड शिवून बसला होता. पण आपल्यासाठी कुणी गप्प बसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो एउसेबियोच्या खांद्यात तोंड खुपसून राहिला.

कोच सावकाश चालत आला. "गुरुवारी गावाबाहेरचा सामना आहे," तो म्हणाला. "बस सकाळी सुटते. तुझ्यासाठी थांबणार नाही, वोंद्राचेक."

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकते. तो झेल मी पदरचा घातला. चेंडू टिमोन्सच्या हातापासून वीतभर पुढं गवतावर पडला होता, म्हणजे शेवटी एक फटका बसलाच होता; पुढचा गडी बाद होऊन सामना जिंकला, आणि पोरं तरीही तश्शीच धावत आली होती.