तळहाताची खाज

आठव्या महिन्यात सुकन्याच्या तळहातांना आणि तळपायांना रात्रंदिवस खाज सुटली. अंगावर पुरळ काहीच नव्हतं, पण खाजवून खाजवून कातडी सोलली होती. तिच्या सासूबाई, साखराबाई, मलम लिहून घ्यायला तिला अर्धापूरहून नांदेडला घेऊन आल्या.

रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टर मॅडम गंभीर झाल्या. “हिच्या रक्तात पित्तातली आम्लं साचलीत. त्यावर गोळी देते, तीही पित्तातल्याच एका आम्लाची असते, पण सौम्य. खाज कमी होईल, पण बाळाला धोका आहे. आजच ॲडमिट करा, ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागेल.”

सुकन्यानं घाबरून पोटावर हात ठेवला.

“खाजंला कुठं ॲडमिट करत्यात का?” साखराबाई उसळल्या. “मलाबी पहिल्या खेपेला अशीच लई खाज हुती. बाळंत झाले अन् आपोआप गेली.”

“आणि बाळ?” मॅडमनी विचारलं.





“पोरगी हुती. रडलीच न्हाई ती,” साखराबाई हळूच म्हणाल्या आणि ॲडमिटचा कागद त्यांनी स्वतःच पुढं ओढून घेतला.