राहूपुढचा नारळ

"अरे, खांबाला टेकू नकोस! मागे शनिमहाराज आहेत," तेलाची वाटी घेऊन आलेल्या बाईंनी अंबादासला झापलं.

शनिमहाराज त्यानेच काढले होते. फ्लेक्सने पाट्या रंगवण्याचा धंदा खाल्ला, तेव्हापासून तो आणि त्याची बायको गोजाबाई उड्डाणपुलाच्या याच खांबापाशी राहत होते. अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन पथारी उचलून न्यायची, म्हणून त्याने उरल्यासुरल्या काळ्या रंगात कावळ्यावर बसलेला, डोळे वटारलेला शनी रंगवला. गाडी खरंच लांबून वळायला लागली.

मग भक्त आले. अंथरूण तेलाने चिकट झालं. कठडा आला, घंटा आली, शेवटी मंडळाचे अध्यक्ष आले. "देवाच्या दारात लोळतोस? ऊठ!"

"लोकांना साडेसाती आपण होऊन लागते," बोचकं डोक्यावर घेत गोजाबाई म्हणाली, "तुम्ही मात्र ब्रश घेऊन रंगवलीत."

पुलाच्या दुसऱ्या टोकाच्या खांबावर अंबादासने राहू काढला. नुसतं मुंडकं. "बाकीच्या ग्रहांना पत्रिकेत आपापली रास असते, याला तेवढंही घर नाही. आपल्यातलाच. गाडीवाले घाबरतील, पण भक्त कशाला फिरकतोय?"

काही दिवस बरे गेले. एका सकाळी गोजाबाईला जाग आली, तर राहूपुढे नारळ. वर हळदकुंकू.

तिने नारळ झोळीत टाकला आणि नवऱ्याला हलवलं.

"उठा, पथारी गुंडाळा. याचंही घर झालं."