नुसतं बघायचं

"चोर चाळीस मिनिटं आत होता, आणि तुझा तो पहाऱ्याचा प्रोग्राम काय झोपा काढत होता?" साहेबांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवलेल्या एका इस्पितळाच्या फायली, हजारो पेशंटची दुखणीखुपणी, सगळं चोरीला गेलं होतं, आणि खापर पहाऱ्याचं काम बघणाऱ्या तिच्या डोक्यावर फुटत होतं.

तिने दात-ओठ खात स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "झोपला नव्हता, साहेब. चोर शिरल्यापासून मिनिटामिनिटाची नोंद आहे. पण अडवायचं नाही, नुसतं बघायचं, हा हुकूम तुमचा, तोही नोंदीत आहे. चुकून एखादं गिऱ्हाईक अडकलं तर बोंब होईल, म्हणालात. अडवू द्या म्हणून वर्षभर घसा कोरडा केला मी."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "ही नोंद पुसून टाक."

"मी नाही पुसणार."

"मग सरक." त्यांनी स्वतःचा पासवर्ड टाकला आणि पुसायचं बटण दाबलं. स्क्रीन लालभडक झाली. 'अडवलं. नोंद घेतली.'

"चोरी कळल्याबरोबर मी तुमचा हुकूम मोडला, साहेब," ती म्हणाली. "आता प्रोग्राम नुसता बघत बसत नाही."